रिझर्व्हची जात पडताळणी

मराठी व्याकरणात शब्दांच्या जाती आठ. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, आणि पुढच्या चार अविकारी, ज्या दहावीची परीक्षा संपली की माणूस विसरतो. आठ जाती आहेत आणि एकीनेही अजून मोर्चा काढलेला नाही, असा महाराष्ट्रातला हा बहुधा एकमेव मामला. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत एक इंग्रजी शब्द कायमच्या मुक्कामाला आलाय आणि त्याची जात काही केल्या ठरत नाही. शब्द आहे 'रिझर्व्ह'. वनखात्याच्या टेबलावर तो विशेषण, खाणवाल्यांच्या टेबलावर नाम, सफारीच्या खिडकीवर क्रियापद. एवढे एकमेकांशी न जुळणारे दाखले घेऊन एखादा पोरगा जात पडताळणी समितीपुढे गेला असता, तर त्याची ॲडमिशन केव्हाच रद्द झाली असती. या शब्दाला मात्र प्रत्येक खात्याने वैधता देऊन टाकली आहे.

मोटारसायकलपासून सुरुवात करू. "गाडी रिझर्व्हले लागली जी!" हे वाक्य आलापल्ली ओलांडून भामरागडच्या वाटेवर ऐका. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुढचा सगळा हिशोब दिसतो: पुढच्या गावात कुणाच्या दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळालं तर ठीक, नाही तर गाडी ढकलायची. इंग्रजीत टाकीच्या तळाशी मागे ठेवलेला साठा तो रिझर्व्ह. साधं नाम. आमच्या माणसाने त्याला 'ले' जोडला, पुढे 'लागणे' लावलं आणि शब्दाला थेट कामाला लागणे, वाटेला लागणे, देशोधडीला लागणे यांच्या पंगतीत बसवलं. या शब्दाच्या सगळ्या अर्थांत हा एकच असा, जो इथल्या लोकांनी आपल्या तोंडाने घडवला. बाकीचे सगळे वरून छापून आले.

पहिला छापील अर्थ १८७८ च्या वन कायद्यातून आला आणि १९२७ च्या कायद्यात ठाण मांडून बसला: रिझर्व्ह फॉरेस्ट, राखीव जंगल. त्याच्या शेजारी 'प्रोटेक्टेड', म्हणजे संरक्षित. दोघांतला फरक वकील लोक झकास सांगतात. संरक्षित जंगलात जे मना केलेलं नाही ते सगळं चालतं. राखीव जंगलात जे परवानगीने दिलेलं नाही ते काहीच चालत नाही. कलम २६ वाचून बघा. गुरं चारायची नाहीत, झाड तोडायचं नाही, दगड काढायचा नाही, कोळसा पाडायचा नाही, मासे धरायचे नाहीत, विनाकारण आत शिरायचंही नाही. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आणि त्यातला मोठा भाग जंगल. म्हणजे इथल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात जेवढी क्रियापदं होती, तोडणे, वेचणे, चारणे, धरणे, शिरणे, तेवढी सगळी एका इंग्रजी विशेषणाने गोळा केली आणि पावतीपुस्तकात बांधून टाकली.

शिवाय हे विशेषण आपल्याकडे येताना कर्ता वाटेत कुठेतरी सांडून आलं. सरकारी मराठी आठवा: 'सदर क्षेत्र राखीव म्हणून घोषित करण्यात येत आहे.' कोण करतंय? करण्यात येत आहे. कुणासाठी? राखीव म्हणून. शाळेत मास्तर सांगायचे, कर्ता सापडत नसेल तर क्रियापदाला 'कोण' असा प्रश्न विचारा. इथे क्रियापदाला विचारलं तर ते तलाठ्याकडे बोट दाखवतं, तलाठी तहसीलकडे, तहसील वनविभागाकडे, वनविभाग नागपूरकडे, आणि नागपूर म्हणतं प्रस्ताव वर पाठवलाय. कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग पुस्तकात आहेत. चौथा प्रशासकीय. त्यात कर्म सगळ्यांना दिसतं, कारण ते आपल्याच शेताच्या बांधाला लागून असतं.

संस्कृतात 'रक्षा' म्हणजे राखण आणि 'रक्षा' म्हणजे राखही. हे मी कुणाला टोमणा म्हणून सांगत नाही. तेंदूला कोवळा पाला फुटावा म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी जंगलाला काडी लागते, मोहाखालचा पाचोळा जाळताना आग हातची सुटते, आणि चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र शहराला बारमाही भस्म पुरवतं. भाषेने सोय आधीच करून ठेवली होती, एवढंच.

आता त्याच जंगलातून थोडं खाली उतरू. झाडाच्या मुळांखाली.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. माडिया लोकांचा ठाकूरदेव तिथे आहे, जानेवारीत यात्रा भरते. डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे. ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला आणि खोदकामाला खरा जोर आला तो २०२१ नंतर. भूगर्भवाल्यांची भाषा इथे कान देऊन ऐकण्यासारखी आहे. जमिनीत जेवढं खनिज आहे त्याला ते 'रिसोर्स' म्हणतात. त्यातलं जेवढं खणून काढणं फायद्याचं ठरेल, तेवढ्यालाच 'रिझर्व्ह'. म्हणजे पाहा, वरच्या जंगलाला रिझर्व्ह म्हटलं की हात लावायचा नाही. खालच्या दगडाला रिझर्व्ह म्हटलं की हात लावायचाच. शब्द तोच, स्पेलिंग तेच, वर मनाई आणि खाली मुहूर्त. दगड काढायचा नाही असं ज्या कायद्यात लिहिलंय, तो कायदा रद्द झालेला नाही. तो फक्त पाटीत दगड आणि डोक्यावर पाटी असलेल्या माणसाला लागू होतो. दगड हजारो टनांनी निघाला की त्याला खनिज म्हणतात आणि तो हायवा ट्रकमधून जातो.

मधली फट बुजवायला आणखी एक इंग्रजी शब्द ठेवलेला आहे, डायव्हर्जन. वनजमीन खाणीला दिली, असं कुणी म्हणत नाही. तिचं डायव्हर्जन होतं. जमीन जणू रस्त्याने चालली होती, पुढे पूल खचलेला दिसला आणि बिचारी वळली. इंग्रजी शब्दकोशात डायव्हर्जनचा आणखी एक अर्थ दिलाय: करमणूक.

एखादा म्हातारा साहेबाला विचारतो, "जंगल रिझर्व्ह हाये म्हणता, मंग ट्रक कायचे चालले जी?" साहेब म्हणतो, "काका, ते रिझर्व्ह वेगळं." खरंच वेगळं आहे. मराठीत तर शब्दही वेगळे आहेत: जंगल राखीव, खनिजाचा साठा, नोकरीत आरक्षण. मराठीत बोलला असता तर साहेबाला हा प्रश्नच आला नसता. इंग्रजी वापरून त्याने स्वतःची पंचाईत करून घेतली.

वाघाची गोष्ट त्या मानाने सरळ वाटते. ताडोबा-अंधारी टायगर रिझर्व्ह: १,७२७ चौरस किलोमीटर, त्यात ६२५ कोअर, बाकीचं बफर. इथे रिझर्व्ह नाम आहे आणि रुबाबदार नाम आहे. पुण्या-मुंबईची मंडळी 'रिझर्व्हमध्ये जिप्सी रिझर्व्ह केली' असं एका दमात बोलून जातात, पहिल्यांदा नाम, दुसऱ्यांदा क्रियापद, आणि दोन्ही वेळा पैसे भरलेले. ताडोब्याच्या एका वनपरिक्षेत्राचं नाव 'कोळसा' आहे. कोळशाच्या जिल्ह्यात वाघाच्या घराला कोळसा म्हणावं, हे विनोदी लेखकालाही सुचलं नसतं. ताडोब्याजवळचा बंदर कोळसा ब्लॉक २०२० साली लिलावाच्या यादीतून काढला गेला. नामाविरुद्ध नाम अशी कुस्ती झाली आणि त्या वेळी वाघाचं नाम वर आलं. सुरजागडला वाघाच्या नावाचा बोर्ड नव्हता, नुसता देव होता.

कोअरमधली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं मात्र बाहेर बसवली गेली. आणि ज्याच्यासाठी बसवली, त्या वाघाला व्याकरण कळत नाही. ब्रह्मपुरी वनविभाग टायगर रिझर्व्ह नाही, तरी वाघांनी गजबजलेला आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी मारल्या गेल्या. राखलेल्या जागेत वाघ राखला जातो. न राखलेल्या जागेत कोण कुणाला राखतं, हा परिच्छेद कुठल्याच नोटिफिकेशनमध्ये नाही.

मग येतं ते रिझर्व्ह, जे ऐकताच चहाच्या टपरीवर आवाज चढतो. गडचिरोली जिल्ह्यात विधानसभेच्या तीन जागा, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, आणि तिन्ही अनुसूचित जमातीसाठी राखीव. गडचिरोली-चिमूर लोकसभाही २००९ पासून तशीच. बाजूच्या जिल्ह्यात चंद्रपूरची विधानसभा अनुसूचित जातीसाठी. गंमत अशी की सगळ्या रिझर्व्हांमध्ये व्याकरणाने पूर्ण असं हे एकच. कुणी राखलं ते संविधानात लिहिलंय, कुणासाठी तेही लिहिलंय; कर्ता जागेवर, चतुर्थी जागेवर. आणि रिझर्व्ह या शब्दावर नाक मुरडणारी मंडळी नेमकी याच अर्थावर मुरडतात. खाणीचं रिझर्व्ह, सफारीचं रिझर्व्ह, रेल्वेत खालच्या बर्थचं रिझर्व्ह यांनी त्यांच्या गुणवत्तेची कधी पायमल्ली होत नाही. (इतर मागासवर्गीयांचा वाटा या जिल्ह्यातल्या नोकरभरतीत ६ टक्क्यांवर आणून ठेवला होता, त्यावर वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. तो राग वेगळा, आणि त्याला आकड्याचा आधार होता.)

पोलिसांचं रिझर्व्ह हा तर व्याकरणाचा नाही, भूगोलाचा चमत्कार. केंद्रीय राखीव पोलीस दल. राज्य राखीव पोलीस दल, ज्याचा एक गट वडशाला आहे. राखीव म्हणजे मागे ठेवलेलं, गरज पडली तर काढायचं. गडचिरोलीत हे बारावे गडी पहिल्या षटकापासून मैदानात आहेत आणि नक्षलवाद्यांशी सामना १९८० पासूनचा आहे. दोन-तीन पिढ्यांनी पोलीस म्हणून पाहिला तो राखीवच. इथल्या पोरांना 'नियमित पोलीस' हा शब्द सांगितला तर ते विचारतील, तो कुठल्या राज्याचा?

बाहेरून बदलून आलेले मास्तर, डॉक्टर, साहेब यांच्याकडून आणखी एक ऐकू येतं: "माडिया मुलं फार रिझर्व्ह असतात हो." म्हणजे मितभाषी. हेच पोर वर्गाबाहेर पडलं, सोबत्यांशी माडियात सुरू झालं की पाखरांनाही मध्ये बोलायला जागा देत नाही. वर्गात ते गप्प असतं, कारण पुस्तक मराठीत, मास्तर मराठीत, आणि पोराची आई माडियात. यात स्वभाव कुठून आला? पण शेरा पडतो पोराच्या नावावर. मास्तरला माडिया येत नाही, याला 'मास्तर रिझर्व्ह आहेत' असं कुणी म्हटलेलं नाही.

शहराच्या विकास आराखड्यातलं रिझर्व्हेशन सगळ्यांना ठाऊक आहे. बागेसाठी राखीव भूखंडावर पहिल्यांदा उकिरडा होतो, मग पार्किंग, मग मंदिर, आणि दहा वर्षांनी मालक नोटीस देतो. पुढे जाऊ.

वाचकाला वाटेल हा सगळा शब्दांचा खेळ आहे, कोर्टात असलं चालत नाही. कोर्टात हेच चालतं. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'फॉरेस्ट' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यायचा. १९२७ च्या कायद्याने फॉरेस्टची व्याख्या केलीच नव्हती, १९८० च्या वन संवर्धन कायद्यानेही नाही. सत्तर वर्षं माणसं ज्या शब्दाखाली दंड भरत होती, त्याचा अर्थ बघायला शेवटी शब्दकोश उघडावा लागला! मग आमच्या पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचं काय, हा प्रश्न आला. मध्य प्रांताच्या काळापासून महसूल कागदांवर असलेली ही झुडपांची, चराईची, निस्ताराची जमीन. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून ८६ हजार हेक्टरांवर. तिच्यावर मधल्या काळात घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्या झाल्या, स्मशानंही झाली. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: झुडपी जंगल हे जंगलच, पण १९९६ च्या आधी रीतसर दिलेल्या जागांना मंजुरीची वाट मोकळी. म्हणजे स्मशानात गेलेला माणूसही इतकी वर्षं वनजमिनीवर अतिक्रमण करून पडला होता. आणि ज्या मुलखाला लोक पिढ्यान् पिढ्या 'झाडीपट्टी' म्हणत आलेत, तिथे जंगल आहे की नाही हे ठरवायला दिल्ली लागली.

बांबूची कथा याहून बेरकी आहे. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. १९२७ च्या कायद्यात झाड, कारण कलम २ म्हणत होतं की ताड, बांबू, बुंधे, झुडपं आणि वेत ही सगळी झाडंच. झाड म्हणून तो खात्याचा, आणि खात्याचा म्हणून तो बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाऊ शके. गावातल्या बुरडाने एक काडी काढली की गुन्हा. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. गवत, झाड, गौण वनोपज: एका रोपाच्या तीन जाती, आणि २०१७ पर्यंत झाडाचा दाखला काही रद्द झाला नाही.

या भानगडीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने एक साधी गोष्ट केली. वाक्यात कर्ता घातला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गाजली, पण तिच्यातला 'आम्हीच' व्याकरणवाल्यांनी पुरेसा पाहिला नाही. देवाजी तोफा गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल सोबतीला, असं ते काम वर्षानुवर्षं अभ्यासगटांत बसून चाललं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू आमचा झाला, तर विकायचाही आम्ही. खातं म्हणालं, बांबू तुमचा, पण वाहतुकीचा पास आमचा. (हा आणखी एक इंग्रजी शब्द. पास झालात, पण पास मिळणार नाही.) शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. दिल्लीहून पार मेंढ्यापर्यंत, एका पावतीपुस्तकासाठी. पण त्या दिवशी वाक्य कर्तरी प्रयोगात आलं. ग्रामसभा पास देते. 'देण्यात येतो' नाही, देते.

बाकी कायदा अजून १९२७ चाच आहे, आणि त्यात एक रत्न शिल्लक आहे. कलम २ मध्ये 'गुरं' या शब्दाची व्याख्या वाचा. गुरं म्हणजे म्हशी, घोडे, गाढवं, डुकरं, शेळ्या, उंट आणि हत्ती. होय, हत्ती. कलम ७१ मध्ये राखीव जंगलात शिरलेल्या गुरांचा दंड डोक्यामागे ठरवलाय. मूळ कायद्यात शेळीला आठ आण्यांपर्यंत, गायबैलाला एक रुपया, म्हैस-उंटाला दोन, हत्तीला दहा. गुरं धरून कोंडवाड्यात घालायची मुभाही आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा एक कळप गडचिरोलीत उतरला. परवानगी नव्हती, पास नव्हता, रिझर्व्ह की प्रोटेक्टेड याची चौकशी केली नाही. धान खाल्लं, मोह खाल्ला आणि मुक्काम वाढवला. दहा रुपये डोई, कायदा स्पष्ट आहे. पावतीपुस्तक घेऊन कळपाच्या मागे कुणी गेल्याचं मात्र अजून ऐकिवात नाही.